एक कान आणि चार स्क्रू

उजवेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. लहानपणी गालगुंडं झाली, ताप चढला, आणि उतरला तो डावा कान सोबत घेऊनच उतरला. तेव्हापासून त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या अंगाला उभं राहावं लागे. पुढं मोठेपणी त्यांनी केस कापायचं दुकान टाकलं, आणि जुनी गिऱ्हाइकं नव्या गिऱ्हाइकांना सांगू लागली, "काकांशी काय बोलायचं ते उजवीकडून बोला, डावीकडं वसुली नाही." तेवढ्यावरून हे नाव पडलं. एका बँकेतल्या साहेबानं तर मुलीच्या लग्नाचं बोलावणं पाठवलं, त्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, 'श्री. उजवे आणि परिवार'. काकांनी ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी समुद्रापलीकडं नांदत होती, घरात एक कप आणि एक बशी रोज धुतली जायची. पण त्या पाकिटावर तरी घर भरलेलं दिसत होतं.

दुकान मात्र भरलेलं असे, आणि काका जगत होते ते दुकानातल्या बोलण्यावर. केस कापताना माणूस काय काय बोलतो! हातात मान दिली की जीभ आपोआप सुटते. एक बँडवाला यायचा. डोळे मिटून मनातल्या मनात कर्णा वाजवायचा, आणि सूर वर चढला की हनुवटीही वर. काका म्हणायचे, "अहो वाजंत्री, मान सैल सोडा. तुमचा सूर चढला तर माझा वस्तरा उतरेल." एक पोस्टमन होता, त्याला खुर्चीत बसलं की शिंक यायचीच. तो आधी बोट वर करायचा, शाळेत पोरं करतात तसं, की काका हात उचलून घ्यायचे. आणि एक मास्तर, ते झोपायचे आणि झोपेतच हजेरी घ्यायचे. काका त्यांच्या प्रत्येक नावाला "हजर" म्हणायचे. अशी दिवसभर माणसं यायची, बोलून जायची. संध्याकाळी काका दिवे मालवायचे तेव्हा त्यांच्या उजव्या कानात दुसऱ्या दिवसापर्यंत पुरेल एवढं साठलेलं असायचं. तेच घेऊन ते एकटे जेवायचे.

मग एका वर्षी लोक कुजबुजायला लागले. म्हणजे काकांना तसं वाटलं. "हल्ली कुणी मोकळ्या गळ्यानं बोलतच नाही," ते पोस्टमनला म्हणाले, "सगळ्यांना काय गुपितं फुटायची भीती पडलीय?" पोस्टमन काहीतरी बोलला. काकांना त्याचे नुसते ओठ दिसले. एका सकाळी शिट्टीची किटली शिट्टी मारून मारून थकली, पाणी आटलं, बूड काळं झालं, आणि काका तिच्यापासून हाताच्या अंतरावर दाढी करत उभे होते. फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, पडलात की काय कुठं? आवाज असा का?" त्यावर काकांनी आनंदानं उत्तर दिलं, "हो हो, अगदी मजेत!"

त्या दिवशी मात्र फोन ठेवल्यावर, लोक कुजबुजत नाहीत, आपलाच कान चाललाय, हे त्यांना कळलं आणि ते पलंगावर बसून राहिले. चालताना थोडा झोक जातो हेही त्यांना माहीत होतं. ते इस्पितळात गेले. एकटेच गेले.

तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी उजव्या बाजूची खुर्ची ओढली आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "काका, गाठ आहे. कॅन्सरची नाही, घाबरू नका. बोराएवढी आहे. पण बसलीय नेमकी ऐकण्याच्या नसेवर."

"उजव्याच?"

"उजव्याच."

"डावीकडं मोकळी जागा होती की हो," काका म्हणाले. "तिकडं वापरच नव्हता काही."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे काकांना कळलं. त्यांनी समजावून सांगितलं. डोकं उघडून गाठ काढली तर ऐकणं बहुतेक जाईल. तशीच ठेवली तर गाठ वाढेल आणि ऐकणं हळूहळू जाईलच. तिसरी वाट रेडिओसर्जरीची. नाव सर्जरीचं, पण सुरी नाही. बारीक किरण चहूबाजूंनी सोडायचे, सगळे गाठीवर एकत्र येतात, गाठ वाढायची थांबते. ऐकणं टिकायची आशा त्यातच बरी. "हमी देत नाही," त्या म्हणाल्या. "पण किरण आपल्याला हवे तिथंच पडायला हवेत. म्हणजे डोकं अजिबात हलता कामा नये."

काकांना जरा धीर आला. न हलणारं डोकं, हा त्यांच्या धंद्यातलाच विषय होता.

पुढचं बोलणं फिजिसिस्टबाईंशी झालं. किरणांचा हिशेब मांडणारी ही मुलगी काकांच्या मुलीहूनही लहान असेल. तिनं टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक धातूची चौकट, चार बाजूंना खांब, खांबांना स्क्रू. दुसरी जाळीदार प्लॅस्टिकची पांढरी वस्तू, तिला कुणाच्या तरी चेहऱ्याचा आकार होता.

"ही फ्रेम," ती म्हणाली. "भुलीची इंजेक्शनं देऊन हे चार स्क्रू कवटीच्या हाडाला टेकवून घट्ट करतात. दोन कपाळाला, दोन मागं. मग डोकं तसूभरही हलत नाही. सगळं एका दिवसात आटपतं. आणि हा मास्क. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, गार झाला की टणक होतो. मागं तुमच्याच डोक्याच्या आकाराची उशी. टोचणं नाही, काही नाही. काही दिवस येऊन थोडं थोडं करायचं. नाकाच्या शेंड्यावर एक चकचकीत ठिपका लावतो, कॅमेरा त्याच्याकडं बघत राहतो. ठिपका फार सरकला की किरण आपोआप बंद."

"दोन्हींत बरं काय?"

"निकाल बऱ्यापैकी सारखेच येतात. फ्रेम जास्त पक्की, मास्क जास्त सुखाचा. फ्रेमला सोबत कुणीतरी लागतं. दिवसभर थांबायला आणि घरी पोचवायला. कोण येईल तुमच्याबरोबर?"

काकांनी फ्रेमकडं पाहिलं, मग मास्ककडं. "मास्क," ते म्हणाले.

"स्क्रूची भीती वाटते?"

"हो," काका म्हणाले. भीती वाटत नव्हती. पण मुलीला कळवलं तर ती नोकरी, पोरंबाळं सोडून धावत येईल, आणि दुसरं नाव शोधायला गेलं तर डोक्यात नुसती गिऱ्हाइकं येत होती. गिऱ्हाइकाला असं काही सांगायचं नसतं, ते ऐकून घ्यायचं असतं, हा काकांचा नियम. तेव्हा त्यांनी स्क्रूच्या माथी मारलं आणि मोकळे झाले.

मास्क बसवला तो दिवस चांगला गेला. गरम, ओला, मऊ पडदा चेहऱ्यावर उतरला आणि दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी हलके हात ठेवून तो दाबून धरला. हजारो गालांवर गरम टॉवेल ठेवणाऱ्या काकांच्या गालावर असा कुणी ठेवला नव्हता. निघताना फिजिसिस्टबाईंनी बजावलं, "आता उपचार होईपर्यंत केसांत काही बदल करू नका. आहेत तसे राहू देत."

"नाही करत," काका म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

आता इथं समोरच्याची ओळख करून द्यायला हवी. काकांच्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडं दुसरं केशकर्तनालय होतं. त्याचा मालक आणि काका एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, एकाच खोलीत राहिलेले, आणि मग कशावरून तरी बिनसलेले. कशावरून ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण सुरुवात दुसऱ्यानं केली याबद्दल दोघांची खात्री होती. काका त्याला 'समोरचा' म्हणत, तोही काकांना 'समोरचा'च म्हणे. नवख्या माणसाला दोन्ही दुकानांतून समोरच्याची निंदा ऐकून कळायचंच नाही की बोललं कुणाबद्दल जातंय. पण एक पंचाईत होती. कारागिराला स्वतःच्या मानेमागचे केस काढता येत नाहीत, आणि ऐऱ्यागैऱ्याच्या हाती मान देणं दोघांच्याही अभिमानाला सोसण्यासारखं नव्हतं. म्हणून महिन्यातून एका सोमवारी, दुकानं बंद असताना, एकदा हा त्याच्याकडं आणि पुढच्या खेपेला तो याच्याकडं. केस कापायचे, मान झटकायची, निघायचं. बोलणं नाही. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं, पुरात नाही, आजारपणात नाही, कधीच चुकलं नव्हतं.

इस्पितळातलं यंत्र मध्येच दुरुस्तीला आलं, काकांची तारीख पुढं गेली, आणि तो सोमवार नेमका मध्ये आला. काकांनी विचार केला. नाही गेलो तर समोरचा विचारणार नाही, पण रस्त्यापलीकडून बघत राहील. त्याला कळेल की काहीतरी झालंय. आणि काकांना ते कुणालाच कळायला नको होतं. शिवाय, बाईंनी काय सांगितलं होतं? बदल करू नका. मग हे वाढलेले केस हाच तर बदल. कापायचे म्हणजे होते तसे करायचे. सगळी हयात ज्यानं लोकांचे केस 'पहिल्यासारखे' करून दिले, त्याला यात काही वावगं दिसलंच नाही. काका गेले, खुर्चीत बसले. समोरच्यानं हात चालवला, मानेवरचे बारीक केस झटकले, आणि काका ताठ मानेनं घरी आले.

उपचाराच्या दिवशी मास्क चढवला तो सैल. उशीत डोकं बुडालं.

फिजिसिस्टबाई आत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काका. तुम्ही केस कापलेत?"

"कापले कुठं? पहिल्यासारखे केले."

"पहिल्यासारखे म्हणजे कधीच्या पहिल्यासारखे?"

 तिनं तरी प्रयत्न केला. मास्क आणखी घट्ट बसवला, ठिपका लावला, बाहेर गेली. दार बंद झालं. खोलीत काका एकटे. छताला लावलेल्या स्पीकरमधून तिचा आवाज आला, "काका, ठीक आहात ना?" पुन्हा आला, "आता शांत पडून राहा." मग पलंग गुरगुरत सरकला, काहीतरी खट्ट झालं, काहीतरी घरघरलं. काका श्वास रोखून होते. मान दगडासारखी ठेवलीय असं त्यांना वाटत होतं.

पण बाई परत आली. किरण सोडलेच नव्हते. तिनं मास्क काढला, स्टूल ओढलं, उजवीकडं.

"केसांचं मी समजू शकते," ती म्हणाली. "नवा मास्क करता येईल. पण मी ठिपका बघत होते. मी बोलले की तुम्ही हलता. पलंग वाजला की हलता. दार वाजलं की हलता. दर वेळी एकाच बाजूला."

"मी? नाही हो. मी हललोच नाही."

"उजवा कान आवाजाकडं नेता तुम्ही, काका. थोडासाच. तुम्हाला कळतही नाही."

काकांनी हात मानेवर नेला. दुसऱ्यांच्या माना धरण्यात आयुष्य गेलं आणि आपली मान कुठं जाते याचा पत्ता नाही.

"घट्ट मास्कमध्येही ही ओढ राहीलच," ती हळू, पण नीट ऐकू येईल असं म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, चालेल, थांबत थांबत करू. पण तुमच्याकडं कान एकच आहे, आणि गाठीला खेटूनच तुमची नस आहे. माझं ऐकाल तर फ्रेम घ्या. डॉक्टरबाईंचंही हेच म्हणणं पडेल." मग तिनं विचारलं, "स्क्रूची भीती नव्हती ना तुम्हाला?"

"नव्हती," काका म्हणाले.

"मग कोण येईल?"

दुसऱ्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, उजवेकाकांनी रस्ता ओलांडला. समोरच्याच्या दुकानात खुर्चीत साबण लावलेला माणूस होता आणि बाकावर दोघं बसलेले. काका दारात उभे राहिले. समोरच्यानं आरशातच पाहिलं.

"सोमवार नाही आज," तो म्हणाला.

"माहितीये."

"मग? ब्लेड संपली का? का गिऱ्हाईक संपलं?"

बाकावरचे दोघं हसले. काका हसले नाहीत. "गुरुवारी दुकान बंद ठेवशील का?" त्यांनी विचारलं.

"वा! आता माझं दुकान बंद पाडायला आलास? इतकी वर्षं जमलं नाही ते मागून घेतोस?"

"डोक्यात गाठ झालीय," काका म्हणाले. "कानाच्या नसेवर. इस्पितळात कुणीतरी सोबत लागतं."

साबणवाला माणूस खुर्चीत ताठ झाला. समोरच्यानं वस्तरा बाजूला ठेवला, हात पुसले, बराच वेळ पुसले.

"सोमवारी बोलला नाहीस ते."

"सोमवारी बोलतो का आपण?"

समोरचा आरशाकडं वळला. "किती वाजता निघायचं?"

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. नर्सनं विचारलं, "तुम्ही कोण यांचे?" तो म्हणाला, "समोरचा." नर्सनं 'शेजारी' असं लिहून घेतलं.

फ्रेम लावताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "मान सैल सोडा." काकांना हसू आलं. इंजेक्शनं चांगलीच चुणचुणली, मग सगळं बधिर झालं, मग दोन्ही बाजूंनी स्क्रू फिरू लागले आणि कुणीतरी कवटी मुठीत धरून आवळतंय असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं तो दाबही सरला, उरलं नुसतं वजन. बाहेर आणलं तेव्हा समोरच्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तो म्हणाला, "आता याचे कल्ले कसे काढायचे?"

"तुला तसंही सरळ येत नाहीत," काका म्हणाले.

डोक्याच्या आतले फोटो काढून झाले, आणि मग थांबायचं होतं. किरणांचा हिशेब मांडायला वेळ लागतो. एका छोट्या खोलीत काकांना खुर्चीवर बसवलं. फ्रेमच्या वजनानं मान जपून धरावी लागत होती, वळवायची सोयच नव्हती. खोलीत आणखी दोन खुर्च्या होत्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. समोरच्यानं दोन्हींकडं पाहिलं. एकाच खोलीत वर्षं काढलेली, याचा कुठला कान गेलेला हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो जाऊन डावीकडं बसला.

आणि बोलू लागला.

काकांना ऐकू येत नव्हतं. पण खोलीची खिडकी समोर होती, बाहेर मळभ होतं, आणि काचेत त्यांना तो अर्धा दिसत होता. आयुष्य आरशासमोर काढलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं. समोरच्याचे ओठ हलत होते. मध्ये तो थांबे, गुडघ्यावरचा हात उचले, ठेवे, पुन्हा बोले. एकदा तो हसलाही. एकदा त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. खूप वेळ बोलत होता. काकांना वाटलं, म्हणावं, अरे बाबा, या अंगाला ये. मान नाही वळत, तूच ये. शब्द ओठांवर आलेही. पण त्याला तिकडूनच बोलायचं होतं हे त्यांना कळत होतं. उजवीकडं बसवला असता तर तो दोन टोमणे मारून गप्प झाला असता. म्हणून काका हलले नाहीत. त्यांच्या शेजारी बसून कुणीतरी त्यांच्याशी इतकं बोलत होतं, आणि त्यातलं अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

फिजिसिस्टबाई न्यायला आली तेव्हा समोरचा झटकन उठून उभा राहिला. "काय म्हणत होतास?" काकांनी चालता चालता विचारलं.

"काही नाही. तुझ्या दुकानाचा पडदा फाटलाय म्हणत होतो."

यंत्रात या खेपेला पलंग गुरगुरला, खट्ट झालं, घरघर झाली. काकांना मानेतली ती ओढ आता जाणवली, उजवीकडं, आवाजाकडं जाणारी. ती फ्रेमपाशी जाऊन थांबत होती. डोकं होतं तिथंच राहिलं. त्यांनी डोळे मिटले आणि वाट पाहत पडून राहिले.

संध्याकाळी स्क्रू काढले, कपाळावर दोन चिकटपट्ट्या लागल्या. समोरच्यानं त्यांना टॅक्सीनं घरी आणलं, जिना चढवला, स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला भरून आणला. एकच कप, एकच बशी पाहून तो क्षणभर घुटमळला. "कुलूप आतून लावू नकोस आज," म्हणाला, आणि गेला. नंतर सगळं पहिल्यासारखं झालं. तो तिकडं, हे इकडं. फक्त सकाळी शटर वर करताना समोरचा रस्त्यापलीकडून काकांकडं पाहून हात थोडासा उचलू लागला. हात उचलला म्हणजे बोललं असं नाही.

महिने गेले. बोलणाऱ्यांचे आवाज काकांना येत होते, पण कमी झालेत की तेवढेच आहेत, हे त्यांना सांगता येईना. ज्या कानानं मोजायचं तोच कान तपासायचा, जमणार कसं? घरी ते घड्याळ उशाशी घेत, लांब ठेवत, पुन्हा जवळ घेत. मग इस्पितळातून तपासणीचं बोलावणं आलं.

कान तपासायची खोली म्हणजे एक जाडजूड पेटी. भिंतींना स्पंज, दार जड. दार लागलं आणि काकांना वाटलं, झालं, गेला तोही कान. इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. हातात एक बटण होतं. आवाज आला की दाबायचं. ते वाट पाहत राहिले. काही नाही. आणखी काही नाही. मग फार दुरून, कुणी विहिरीच्या तळाशी चमचा ठेवावा तसा, एक बारीक सूर आला. काकांनी बटण दाबलं. मग आणखी बारीक. दाबलं. मग येतोय की आपणच मनात म्हणतोय असा. घाम फुटला तरी दाबलं.

बाहेर आल्यावर तपासणी करणारी मुलगी कागद पाहत होती. "सोबत कोणी आहे का?" तिनं विचारलं. "त्यांनाही एकदमच सांगते."

"कोणी नाही. मलाच सांगा."

ती उठून त्यांच्या उजव्या बाजूला आली. "तुमचं ऐकणं उपचाराआधी होतं तेवढंच आहे, काका. कमी झालेलं नाही."

काकांनी उजवा कान तिच्याकडं नेला. "पुन्हा एकदा सांगा," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणून तर."

ती हसली, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली, जरा सावकाश. मग तिनं पुढच्या माणसाला हाक मारली. काका बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दार उघडत होतं, मिटत होतं, माणसं एकमेकांशी बोलत जात-येत होती. त्यातलं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. काका संध्याकाळपर्यंत तिथंच ऐकत बसून होते.